थरथरणारं सॅलड

न्यू जर्सीत येऊन मला बरीच वर्षं झाली, पण गराज सेलमधून रिकाम्या हातानं परतायची विद्या काही साधली नाही. गेल्या उन्हाळ्यात पन्नास सेंटला पाककृतींचं एक जुनं पुस्तक उचललं. १९५० च्या दशकातलं. पानांवर लोण्याचे डाग, समासात कुणा बाईच्या बारीक पेन्सिलीतल्या टिपा, आणि चित्रं अशी की रंगांनाच ताप चढलाय. एका पानावर हिरवीगार, आरपार दिसणारी घुमटी. तिच्या पोटात कोळंबी, गाजराचे काप आणि ऑलिव्ह जागच्या जागी थिजलेले. खाली नाव लिहिलेलं : सॅलड.

"हे खायचं, की काचेच्या कपाटात ठेवायचं?" नवऱ्यानं विचारलं.

हसणं सोपं आहे. मीही आठवडाभर हसले. मग ही घुमटी ज्याची बनते त्या जेलोची कुळकथा वाचली आणि हसू जरा आवरलं. न्यू यॉर्क राज्यातल्या ले रॉय गावात पर्ल वेट नावाचा एक सुतार खोकल्याची औषधंही करायचा. १८९७ मध्ये त्यानं जिलेटिनच्या पुडीत साखर, रंग आणि फळांचा स्वाद घातला. 'जेलो' हे नाव त्याच्या बायकोचं, मेचं. माल खपेना, म्हणून दोनच वर्षांत सगळे हक्क ४५० डॉलरला विकून तो मोकळा झाला. (अशी माणसं आपल्याही नात्यात असतात. त्यांच्यासमोर प्लॉटच्या किमती काढायच्या नसतात.)

त्याआधी जेली म्हणजे मोठ्या घरचा थाट. वासराचे खूर तासन्‌तास उकळा, गाळा, निवळा, वर थंड करायला बर्फ. पुडी आल्यावर खूर गेले, पण गारवा हवाच. म्हणून घरोघर फ्रिज आले तशी या घुमट्यांची चलती झाली. पाहुण्यांसमोर थरथरणारं सॅलड ठेवणं म्हणजे आमच्याकडे फ्रिज आहे हे न बोलता सांगणं. यात मला परकं काहीच वाटलं नाही. पुण्यात आमच्या घरी पहिला फ्रिज आला तेव्हा तो स्वयंपाकघरात नाही, बाहेरच्या खोलीत ठेवला होता, वर क्रोशाचा रुमाल आणि प्लास्टिकची फुलं. आम्हाला जेलो ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही थेट फ्रिजच दाखवला.

मात्र साठच्या दशकात जेलोनं सेलरीच्या आणि टोमॅटोच्या स्वादाच्याही पुड्या काढल्या, त्याला माझ्याकडे क्षमा नाही.

त्या काळच्या सगळ्याच पदार्थांची थट्टा करावी असं नाही. आमच्याच राज्यातल्या कॅम्डनमध्ये, कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोगाच्या स्वयंपाकघरात, १९५५ साली डॉर्कस रायली यांनी फरसबी, मशरूमच्या सूपचा डबा आणि तळलेला कांदा एकत्र केला. मसाला म्हणाल तर मिरपूड आणि थोडा सोया सॉस. आजही थँक्सगिव्हिंगला तो पदार्थ नसेल तर इथली मंडळी रुसतात. त्याचं मूळ कार्ड पुढे राष्ट्रीय संशोधकांच्या दालनात गेलं, जिथे एडिसनलाही जागा आहे. फरसबीच्या भाजीला एवढा मान मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

आणि बेटी क्रॉकर! १९४५ मध्ये 'फॉर्च्यून'नं तिला अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची लोकप्रिय बाई ठरवलं. पहिल्या एलिनॉर रूझवेल्ट. गंमत एवढीच की ही बाई कधी जन्मलीच नव्हती. एका पिठाच्या कंपनीनं बायकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला १९२१ साली तिचं नाव तयार केलं होतं.

माझ्या पुस्तकाची मालकीण मात्र खरी होती. समासात ती बोलायची : 'कांदा कमी.' 'त्याला आवडलं.' एका कोळंबीच्या घुमटीशेजारी नुसतंच 'नको.' लिंबाच्या स्वादाचं जेलो, कॉटेज चीज, अक्रोड आणि अननस यांच्या सॅलडशेजारी तिनं लिहिलं होतं, 'डब्यातलाच!' खाली दोन रेघा.

मी तेच सॅलड करायला घेतलं. डब्यातला अननस? घरात ताजा, पिकलेला, घमघमणारा अननस असताना? बिचारीला ताजा मिळत नसावा, अशी मनातल्या मनात कीवही केली. साचा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी ताटात उपडा केला आणि हिरवं पाणी ताटावरून ओट्यावर, ओट्यावरून नवऱ्याच्या चपलेवर गेलं. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन जिलेटिनमधलं प्रथिन पचवून टाकतं, जेली धरूच देत नाही. डब्यात भरताना अननस तापवतात तेव्हा त्याची ती खोड मोडते.

नवरा काही बोलला नाही. त्यानं फक्त पोछा आणून दिला.

ओटा पुसून झाल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं, पेन्सिल घेतली आणि त्या दोन रेघांखाली तिसरी ओढली.