मार्चअखेरचे दाजी

वर्तमानपत्रात आतल्या पानावर कुठेतरी कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते: ‘मार्चअखेर सुट्टीच्या दिवशीही करभरणा केंद्रे सुरू.’ तुमचं-माझं लक्ष जात नाही. आमचे दाजी ती कात्रीनं कापून ठेवतात, वर तारीख घालून. ‘उद्या कुणी म्हणालं आज बंद आहे, तर दाखवायला नको?’

दाजी खासगी कंपनीत स्टोअर सांभाळतात. सुट्टी रविवारची. पूर्वी सरकारी कामासाठी ते शनिवारी हाफ-डे टाकत. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागला आणि तोही मार्ग खुंटला. ‘त्यांचं पावणेदहा ते सव्वासहा, माझं नऊ ते सहा. पत्रिका जुळणार कशी?’

घरपट्टी मोबाइलवरून भरता येते, हे ताईनं, भाच्यानं, मीही सांगून झालंय. उत्तर ठरलेलं: ‘पैसे गेलेले दिसतात रे, पोचलेले दिसत नाहीत.’ त्यांना शिक्का लागतो. जांभळा, जरासा फिसकटलेला.

मग त्या रविवारी सकाळी साडीच्या दुकानाची पिशवी निघते. आत वडिलांच्या काळापासूनच्या पावत्या, प्रत्येकीची झेरॉक्स, स्टेपलर, गोंद आणि दोन पेनं. दुसरं पेन रांगेतल्यांना द्यायचं. देताना टोपण काढून स्वतःच्या खिशात. टोपणाशिवायचं पेन कुणी ढापत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा निष्कर्ष आहे, आणि खरं सांगायचं तर तो मला पटलाय.

खिडकी उघडेपर्यंत दाजी रांगेचे बिनपगारी साहेब झालेले असतात. आजीबाईंना बाकावर बसवतात, ‘यांचा नंबर माझ्या मागे, सगळ्यांनी बघून ठेवा,’ असं जाहीर करतात. थकबाकीदार सापडला की आवाज खाली येतो: ‘शास्ती लागते हो. महिन्याला दोन टक्के.’ समोरचा निम्मा होतो.

२०२५ साली ३० मार्चला रविवार आणि पाडवा एकत्र आले. आयकराची कार्यालयंसुद्धा त्या दिवशी उघडी ठेवायचा आदेश होता, मग आमची खिडकी कशी मागे राहील! दाजींनी पहाटेच गुढी उभारली, कडुनिंब चावतच बाहेर पडले. खिडकीतल्या बाई सण बुडाल्यामुळे घुश्शात. दाजींनी खिशातून साखरेची गाठी काढून आत सरकवली. ‘घ्या मॅडम. आमच्यापायी तुमचाही पाडवा गेला.’ बाई हसल्या. पुढच्या माणसांची कामं भराभर झाली.

एकच काम होत नाही. वडील गेल्यावर घर दाजींच्या नावावर चढलं, तेव्हा वडिलांच्या नावामागचं ‘कै.’ कुणीतरी दाजींना चिकटवलं. तेव्हापासून बिल कैलासवासी दाजींच्या नावे येतं. दर मार्चला ते खिडकीशी वाकून विचारतात, आणि उत्तर येतं, ‘दुरुस्ती सोमवार ते शुक्रवार, काका. आज फक्त भरणा.’

‘रजा टाका की एक दिवस,’ मी म्हटलं.

दाजी पावतीला स्टेपल मारत होते. ‘कशाला? पैसे घेतायत ना.’ मग शिक्का उजेडात धरून बघितला. ‘आणि थकबाकीची नोटीस आलीच, तर ती त्या कैलासवाश्याला.’