पन्नाशीची सवलत

आपल्या राज्य सरकारी नोकरीत वयाची 50 वर्षं भरली की संगणक परीक्षेतून सूट मिळते. निवृत्ती मात्र 58 ला. म्हणजे मधली आठ वर्षं शिकायचं नाही, पण बसायचं त्याच संगणकापुढे! शिपाईदादांना तर 60 पर्यंत ठेवतात. (चहाचा ट्रे अद्याप ऑनलाइन झालेला नाही.) आमच्या भाऊसाहेबांनी सवलतीचा अर्ज मोत्यासारख्या अक्षरात लिहिला. मंजुरी आली ई-मेलवर. ती उघडायला शेजारच्या टेबलवरची कंत्राटी पोरगी धावली. "काका, पासवर्ड?" भाऊसाहेबांनी खणातून डायरी काढली, चष्मा चढवला, अंगठा ओला करून पान उलटलं आणि खणखणीत आवाजात पासवर्ड अख्ख्या कचेरीला वाचून दाखवला.