विषय क्र. 7 : दहा रुपये

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाला चार मिनिटं लागली, लेखापरीक्षक नेमायला एक, आणि कचरेवाल्या मावशींना दर घरामागे महिन्याला 80 ऐवजी 90 रुपये द्यावेत की नाही यावर पावणेदोन तास. त्यातला निम्मा वेळ 'हा तत्त्वाचा प्रश्न आहे' एवढंच सांगण्यात गेला. आपल्याकडे रक्कम दहा रुपयांवर आली की प्रश्न तत्त्वाचा होतो. त्याच सभेत लॉबीतल्या कृत्रिम धबधब्याला सव्वादोन लाख मंजूर झाले, तेव्हा तत्त्व कुणाला आठवलं नाही.

सुरुवात बी विंगच्या निवृत्त साहेबांनी केली. "दहा रुपयांचं काही नाही हो," ते म्हणाले. हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याचा जीव नेमका दहा रुपयांतच अडकलेला असतो. "पण ही साडेबारा टक्के वाढ होते! आमचा महागाई भत्ता तरी कधी एका दमात इतका वाढला का?" सभेत एकदम शांतता. टक्क्यांत मांडले की दहा रुपयेसुद्धा केवढे अक्राळविक्राळ दिसतात. आधीची वाढ कधी झाली होती, हे कुणी विचारलं नाही. ती झाली तेव्हा आमच्या लिफ्टला जाळीचं दार होतं.

मग सीए काका उठले. त्यांनी मोबाइलवर भागाकार केला आणि जाहीर केलं, की ही वाढ म्हणजे दर घरामागे दिवसाला 33 पैसे. आता विषय मिटणार असं मला वाटलं. पण मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हरकत घेतली. 25 पैशांचं नाणं जून 2011 मध्येच चलनातून गेलं, सगळ्यांत लहान नाणं आता 50 पैशांचं, मग 33 पैसे द्यायचे कसे? पन्नास द्यावे लागतील, म्हणजे रोज 17 पैसे अंगावर. कोणी हसलं नाही. सेक्रेटरींनी हा मुद्दा इतिवृत्तात लिहून घेतला.

"आणि भंगाराचे मिळतात ते वेगळेच!" हे तळमजल्यावरच्या काकूंनी टाकलं आणि सभेत जान आली. मावशी आपल्या कचऱ्यातून बाटल्या वेचतात, पुठ्ठा वेचतात, दुधाच्या पिशव्या गोळा करतात. बाटली कुणाची? आपली. पिशवी कुणाची? आपली. 2018 च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे परत मिळणार होते, ते आपल्याला कधी दिसले नाहीत, म्हणजे ते तिच्याकडेच गेले असणार! मग आपल्या मालावर धंदा करणाऱ्या बाईला वर पैसे आपणच का द्यायचे? उलट तिनेच आपल्याला द्यायला हवेत. इथून पुढे सभा सेक्रेटरींच्या हातात राहिली नाही. नुकताच एमबीए झालेला एक मुलगा म्हणाला, निविदा मागवू. चौसष्ट घरांचा कचरा वर्षभरासाठी लिलावात काढायचा, अनामत रक्कम आधी भरून घ्यायची, हापूसच्या मोसमात कोयी-सालींचा चढा दर, गणपतीत निर्माल्याचा ठेका वेगळा. ए विंगचं म्हणणं पडलं, की आमच्याकडे परदेशी चॉकलेटांचे डबे निघतात, तेव्हा उत्पन्नात आमचा वाटा मोठा हवा. सी विंगने विचारलं, की आमच्या कोळंबीच्या सालींना काही किंमत आहे की नाही? ती उणे धरावी, असं बी विंगने सुचवलं. यावरून जे पेटलं ते चातुर्मास, संविधान आणि पार्किंग असं फिरून अर्ध्या तासाने पुन्हा कचऱ्यावर आलं. शेवटी कचऱ्याची मालकी ठरवायला पाच जणांची उपसमिती नेमली. जो ऐवज घरात रात्रभर ठेवायची कुणाची तयारी नसते, त्याची मालकी!

आता मावशींच्या पोत्यात एकदा डोकावून पाहू. ऑनलाइन खरेदीची खोकी आम्ही बाल्कनीत रचून ठेवतो आणि भंगारवाल्याला देतो. बिअरच्या बाटल्या, जुन्या कढया, रद्दी हेही त्यालाच. त्याचा काटा पन्नास ग्रॅमने हलला तर आमचे साहेब त्याला फाटकात उभा करून वजनमापाचा कायदा शिकवतात. मग मावशींना उरतं काय? वेफर्सची चकचकीत पाकिटं. त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की कुठलाही भंगारवाला ती फुकटसुद्धा घेत नाही. चुरा झालेला थर्माकोल. बाळाचे डायपर. सांबार सांडलेल्या पिशव्या, ज्यांच्या गाठी दातांनीच सुटाव्यात अशा मारलेल्या. यातलं काही विकून कुणाचं घर उभं राहिल्याचं तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा, मी उद्याच हे सदर बंद करून त्या धंद्यात उतरतो.

ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करून द्या, असं 2016 च्या नियमांनी सांगितलं. सोसायटीने त्यासाठी प्रत्येक घराला दोन बादल्याही वाटल्या. आमच्या मजल्यावर त्यातल्या हिरवीत छत्र्या असतात आणि निळीत कुत्र्याचं खाणं. कचरा जातो एकाच काळ्या पिशवीतून. ती पिशवी मावशी पार्किंगच्या मागे, जनरेटरच्या शेजारी उकिडव्या बसून उघडतात. ठेकेदाराने वर्षाकाठी दिलेले रबरी हातमोजे दुसऱ्याच आठवड्यात बोटांवर फाटतात, म्हणून उजव्या हातात ब्रेडची रिकामी पिशवी घालून वर मनगटाला रबर लावलेलं असतं. त्या हाताने आमटीभातातून ब्लेड बाजूला काढायचं, भाजीच्या देठांतून औषधाची बाटली, आणि ते सगळं घंटागाडी निघायच्या आत. गाडीवरचं गाणं तेवढ्यात चार वेळा वाजून झालेलं असतं. गाडीवाला हॉर्न देतो. वरून एक खिडकी उघडते आणि 'वास येतोय, लवकर आवरा' असं कुणीतरी सांगतं. वास कुणाच्या घरातून खाली आला, हे खिडकी विसरलेली असते.

आता माझं जुनं दुखणं. काच! फुटलेला ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वर दोरा बांधायचा आणि देताना 'यात काच आहे बरं का' एवढं तोंडाने सांगायचं, याला काही पदवी लागत नाही. पण वर्तमानपत्र घेणारी घरं आधीच कमी झालीत, आणि जी घेतात ती त्याचं एक पान सोडायला तयार नाहीत, कारण रद्दी किलोवर जाते! मी आठवडाभर डोकं खाजवून ज्या कागदावर लिहितो त्यावर भजी निथळत ठेवा, तो कपाटात अंथरा, त्याने आरसे पुसा, माझी काडीची तक्रार नाही. उलट तेवढा तरी उपयोग झाला म्हणून बरंच वाटतं. पण काचेला गुंडाळायला त्यातला एक कागद निघू नये? इन्सुलिनच्या सुया टोपणाशिवाय तशाच पिशवीत. मधुमेह आमचा, टोचते ती त्यांना. सॅनिटरी पॅडसाठी कंपनीने पाकीट द्यावं, नाहीतर घरातल्यांनी नीट गुंडाळून टाकावं, हेही नियमांत आहे. दुकानदार पॅडचं पाकीट काळ्या पिशवीत घालून देतो आणि ते घरी नेताना आम्ही साडीच्या पदराखाली लपवतो. इतके आम्ही लाजरे! वापरून झालं की मात्र तेच उघडं, परक्या बाईच्या हातात. तेव्हा आमची लाज जाते कुठे? कायद्याचं राहू द्या, नियमांचंही राहू द्या. आपल्या घाणीला दुसऱ्याचा हात लागणार आहे, एवढं ज्यांच्या डोक्यात येत नाही त्यांना कोणत्या शाळेत घालायचं?

बाकी आम्ही कृतघ्न आहोत असं कुणी समजू नये. 22 मार्च 2020 रोजी संध्याकाळी पाच वाजता आमच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. निवृत्त साहेबांनी पितळी परात इतक्या जोराने बडवली की तिला पोचा आला, तो ते अजून पाहुण्यांना दाखवतात. पुढच्या आठवड्यात मावशींना फाटकात उभं करून हार घातला, फोटो काढला, ग्रुपवर फुलंच फुलं. हार दुसऱ्या दिवशी ओल्या कचऱ्यात गेला. नेला अर्थात मावशींनीच.

तर, दहा रुपये. मतदान झालं, 31 विरुद्ध 29 मतांनी ते मंजूर झाले. सोबत अटी. सातच्या आत यायचं नाही, झोपमोड होते. साडेसातनंतर थांबायचं नाही, ऑफिसला जाणाऱ्यांची लिफ्ट अडते. बेल एकदाच वाजवायची, पण ती ऐकू गेली पाहिजे. आणि खाडा झाला तर दिवसाला 3 रुपयांप्रमाणे कापून घेणार. ही शेवटची अट सीए काकांची. त्यानंतर वडा आणि चहा झाला. बिल दोन हजारांच्या वर गेलं, म्हणजे चौसष्ट घरांची तीन महिन्यांची वाढ आम्ही तिथेच उभ्याउभ्या खाल्ली. चटणी लागलेल्या कागदी बशा 'सुका' लिहिलेल्या डब्यात कोंबल्या.

नवा दर लागू झाला त्याच महिन्यात मावशींचा तळहात काचेने फाटला. चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं, पैसे त्यांनीच भरले. चार दिवस त्या आल्या नाहीत. पहिल्या दिवशी ग्रुपवर 'आज कचरेवाली आली नाही का?' अशी साधी चौकशी होती. दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या पिशव्यांचे फोटो आले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, की पगार वाढवला की ही माणसं अशीच करतात. कुणाच्या मुलाच्या दुचाकीला ओरखडा आला तेव्हा तीन रात्रींचं सीसीटीव्ही चित्रण तपासणाऱ्या आमच्या समितीला ती काच कोणत्या मजल्यावरून आली याचा शोध घ्यावासा वाटला नाही.

महिनाअखेरीला सीए काकांनी हिशेब टाकला. दर 90, वजा चार खाडे म्हणजे 12 रुपये, देय रक्कम 78. जुन्या दरापेक्षा दोन रुपये कमी. खाली बारा अंगठे आणि एक शंका : "वरच्या तीन रुपयांचे सुट्टे नाहीत. 75 दिले तर चालतील का?"