टायरपंत

मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल असा टोरोंटोच्या कडेचा जो पट्टा आहे, तिथे आठ-दहा मराठी घरांमागे एक टायरपंत निघतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. शिक्षण मेकॅनिकल, पहिली नोकरी पिंपरी-चिंचवडला. घराला दोन गाड्यांचं गॅरेज, आणि त्यातली मोठी गाडी बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह. ही गाडी पंतांनी एका शनिवारी, दुपारचं जेवण आणि चहा यांच्या मधल्या वेळात घेतली. रंग बायकोनं ठरवला, रिम मुलानं ठरवल्या, सही पंतांनी केली. लाख डॉलरच्या आसपासचा सौदा, पण कुणी कसली चिकित्सा केली नाही.

चिकित्सा सुरू होते ती हिवाळी टायरपाशी. गाडी चारचौघांत दिसते. टायर काळे, गोल, आणि बर्फात बरबटलेले. ते कुणाच्या डोळ्यांत भरणार? तेव्हा गाडीच्या वेळी माळ्यावर टाकलेली सगळी काटकसर आणि सगळी अक्कल पंत इथे खाली काढतात.

क्यूबेकमधला मराठी माणूस या बाबतीत सुखी. तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचेच, त्यामुळे विषय संपला. ऑन्टारियोच्या सरकारनं मात्र निर्णय ज्याच्या-त्याच्यावर सोडला आहे. वर २०१६ पासून असा नियम केला, की हिवाळी टायर लावणाऱ्याला विमा कंपनीनं हप्त्यात सूट द्यायलाच हवी. मराठी इंजिनिअरला निवडीचं स्वातंत्र्य आणि हिशेबाला आकडा, दोन्ही एकदम दिल्यावर दुसरं काय होणार? पंत एक्सेल उघडतात.

हंगामाची सुरुवात गणपतीत होते. आरतीच्या रांगेत पुढे नुकताच भारतातून आलेला एखादा पोरगा असतो. त्यानं हप्त्यावर नवी गाडी घेतलेली असते, आणि पंतांना त्याचा वास लागलेला असतो.

"टायर कुठले घेतोयस?"

"काका, माझी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. मला काय गरज?"

बस्स! प्रसादाचा द्रोण एका हातातून दुसऱ्या हातात जातो. "अरे बाबा, चारही चाकं जोर लावतात ती गाडी निघताना. थांबताना ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार. अडीच टनांचं हे धूड उतारावर घसरायला लागलं की तुझी ऑल-व्हील ड्राइव्ह काय करणार, घंटा वाजवणार?"

पंतांचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं, आणि खरी पंचाईत तीच. खोटं बोलणाऱ्याला टाळता येतं. पंत सांगतात की पारा सात अंशांखाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं, म्हणून बर्फाची वाट बघायची नाही, थंडी बघायची. टायर चारही बदलायचे, दोन बदलून भागवायचं नाही. नाहीतर पुढची चाकं वळतात आणि मागची आपल्या मर्जीनं जातात. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असलेलं चिन्ह हवं, ते चाचणी पार केल्यावरच मिळतं. नुसतं 'एम अधिक एस' लिहिलेलं असेल तर ते टायरवाल्यानं आपलं आपल्याला दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र समजायचं. हे सगळं ऐकेपर्यंत पोराच्या द्रोणातला शिरा थंड झालेला असतो.

पंतांच्या एक्सेलमध्ये ब्लिझॅक आहे, एक्स-आइस आहे, व्हायकिंगकॉन्टॅक्ट आहे. ओल्या रस्त्यावर थांबण्याचं अंतर, बर्फावर थांबण्याचं अंतर, आवाज, झीज, किंमत, प्रत्येकाला वेगळा रकाना आणि वेगळं वजन. फिनलंड-स्वीडनच्या मासिकांतल्या चाचण्या ते भाषांतराचं यंत्र लावून वाचतात. पण हळवा कोपरा एकच: नोकियन. ही कंपनी फिनलंडच्या नोकिया गावची. १९३४ साली तिनं जगातला पहिला हिवाळी टायर काढला, तोही मालट्रकांसाठी, आणि १९३६ साली हाक्कापेलीटा. हे नाव सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचं. "म्हणजे त्यांचे शिलेदारच की," असं पंत म्हणतात तेव्हा आवाज किंचित भरून येतो. "आणि नोकियाचा फोन आठवतो ना? जिन्यावरून पडला तर फरशीला तडा जायचा." टायरचा आणि फोनचा कारभार १९८८ सालीच वेगळा झाला, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण श्रद्धेला रकाना नसतो.

दुकानात पंतांना बघणं हा एक सोहळा आहे. काउंटरवरचा पोरगा किंमत सांगतो, पंत ती ऐकत नाहीत. ते चष्मा कपाळावर सारून सरळ उकिडवे बसतात आणि टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे शोधतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ३२२४ असेल तर २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ते नेमके भिंतीकडे तोंड करून असतात. मग तो पोरगा एकेक टायर फिरवून दाखवतो. पंत अंगठ्याच्या नखानं रबर दाबतात, आंबा पिकलाय की नाही ते बघावं तसं, आणि खिशातली खोली मोजायची पट्टी काढून नक्षीत खुपसतात. कोऱ्या टायरची खोली मोजणारा गिऱ्हाईक त्या पोरानं पहिल्यांदाच पाहिलेला असतो. शेवटी पंत उठतात, गुडघे कटकन वाजतात, आणि ते म्हणतात, "विचार करून सांगतो."

इथवर सगळं शास्त्रशुद्ध चाललेलं असतं. घोडं पेंड खातं ते रिमपाशी.

मुलानं गाडीला एकवीस इंची रिम घेतलेल्या. पुढचा टायर २७५ मिलिमीटर रुंद, मागचा ३१५. दिसायला राजेशाही, पण पुढचे-मागचे अदलून-बदलून झीज सारखी करायची सोय नाही, आणि या मापाचे हिवाळी टायर घ्यायचे म्हणजे खिशाला मोठंच भोक. शास्त्र सांगतं, हिवाळ्यात रिम लहान घ्या: एकोणीस इंची, चारही चाकांना २६५/५०. टायर अरुंद, तो बर्फ कापत खाली जातो. कडेचं रबर उंच, म्हणून खड्ड्यात रिम वाचते. पैसेही वाचतात. पंतांच्या एक्सेलमध्ये एकोणीस इंच निर्विवाद पहिला येतो. साध्या काळ्या स्टीलच्या रिम घेतल्या तर आणखी स्वस्त.

पण रिम दिसते हो! टायर कुणाला दिसत नाही, रिम रस्त्याच्या पलीकडून दिसते.

"अहो, मंडळाच्या दिवाळीला या काळ्या चाकांवर जायचं?" हा प्रश्न घरातून येतो, आणि त्याला कुठल्याही फिनिश मासिकात उत्तर नसतं. मुलगा फोनवरून डोकं न उचलता सांगतो, "बाबा, गाडी टॅक्सी दिसेल." पंत वरवर चिडतात, पण रात्री गॅरेजमध्ये जाऊन त्या एकवीस इंची रिमवरून एकदा फडकं फिरवून येतात. गाडी लोकांसाठी घेतली आणि टायर स्वतःसाठी, अशी जी वाटणी त्यांनी मनात करून ठेवलेली असते, ती रिमपाशी येऊन मोडते.

दसऱ्याला त्याच रिमना झेंडूची माळ घातली जाते. आपट्याचं पान वायपरखाली, लिंबू चाकाखाली. लिंबं चिरडली गेली ती उन्हाळी टायरांखाली, मग नवे टायर बसल्यावर परत लिंबं ठेवायची का, यावर वहिनींचं मत 'हो' असतं. पंत म्हणतात, नक्षीच्या बारीक चिरांत लिंबाच्या बिया अडकतील आणि पकड कमी होईल. हे विनोदानं म्हटलं की गंभीरपणे, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

तोडगा निघतो तो असा, की मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी टायर बदलायचे. हॉल स्वस्तात मिळतो म्हणून कार्यक्रम नोव्हेंबरच्या मध्यावर. पारा सात अंशांखाली जाऊन तीन आठवडे झालेले. रोज सकाळी पंत खिडकीतला थर्मामीटर बघतात आणि काहीच बोलत नाहीत, जे त्यांच्या स्वभावाला धरून नाही.

बर्फ कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पडतो. सकाळी सहा इंच. अख्ख्या पट्ट्याला त्याच सकाळी टायरची आठवण होते. दुकानांचे फोन लागत नाहीत, लागला तर तारीख डिसेंबरची. दिवाळीच्या कार्यक्रमाला पंत सहकुटुंब जातात ते त्या नुकत्याच आलेल्या पोराच्या गाडीतून. त्यानं दसऱ्यापूर्वीच, कुठलेसे, दुकानदारानं दिले ते हिवाळी टायर बसवून घेतलेले असतात. सिग्नलला गाडी झक्क थांबते. मागच्या सीटवरून पंत विचारतात, "मेक कुठला?" पोरगा म्हणतो, "बघायला हवं काका."

पंतांना अखेर टायर मिळतात ते ब्रॅम्प्टनच्या एका कोपऱ्यातल्या दुकानात, एकोणीस इंची, स्टीलच्या रिमसकट. नाव त्यांच्या यादीत नसलेलं, पण डोंगर आणि चांदणी जागेवर. दुकानात उरलेला त्या मापाचा तो शेवटचा संच. या वेळी पंत आकडे बघायला उकिडवे बसत नाहीत.

त्याच रात्री एक्सेलमध्ये नवा रकाना येतो: 'उपलब्धता'. त्याला शंभरातले साठ गुण दिले जातात, आणि तो टायर मोठ्या फरकानं पहिला येतो. फाइल मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पडते. खाली लिहिलेलं असतं, "तीन महिन्यांच्या अभ्यासाअंती."