कृत्तिकेचा अनय

काकू, गॅस बारीक करून जरा भिंतीपाशी या. टिळक चौकातल्या आमच्या नणंदेच्या नातवाचं काल बारसं झालं ना, त्याच्या घुगऱ्या आणल्यात. धरा हा डबा. खा सावकाश, आधी ऐका.

बाळ कृत्तिकेचं, पहिलं चरण, म्हणून अक्षर आलं 'अ'. तसं नशीबच म्हणायचं. उत्तराभाद्रपदेवर असता तर दू, थ, झ, ञ! 'ञ'वरून काय ठेवणार, कपाळ? पण अमित, अजय, अनिल यांतलं एकही सूनबाईला नको. "वर्गात तीन-तीन असतात," म्हणाली. ते मात्र खरं हो. माझ्या वर्गात चार सुनीता होत्या, बाई आम्हाला आडनावानंच हाका मारायच्या. तर हिला नाव हवं छोटंसं, जोडाक्षर नको, उद्या परदेशी गेला तर कुणाची जीभ अडखळायला नको, आणि सोसायटीत दुसऱ्या कुणाचं नको. मोबाइलमध्ये शोधशोधून काढलं 'अनय'. अर्थ म्हणे, ज्याच्यावर कुणी नाही असा. विष्णूच!

आत्यानं कानात कुर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले, आणि पाळण्याशेजारच्या खुर्चीतून पणजी म्हणाली, "अगो, अनय म्हणजे राधेचा नवरा ना?"

सगळ्या गप्प! गौळणी ऐकत वाढलेली बाई ती, तिला कोण फसवणार? राधा धावतेय कृष्णाकडे आणि हा बिचारा घरी. त्यात नणंदेच्या यजमानांना हुक्की आली, संस्कृतचा कोश काढून बसले. नय म्हणजे नीती, म्हणून अनय म्हणजे अनीती, नाहीतर संकट. बारशाच्या दिवशी कशाला उघडायचे हो कोश?

सूनबाईचे डोळे भरून आले. मला विचाराल तर नाव कानाला गोड आहे. नुसता शेवटी 'अंश' चिकटवून जी नावं निघालीत, त्यांच्यापेक्षा कितीतरी बरं. निदान याला नवरा तरी सापडला!

मग पणजीनंच सावरून घेतलं. म्हणाली, "रडतेस काय? आपल्या कल्याणची आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मली तेव्हा यमुना होती. नवव्या वर्षी लग्न झालं, गोपाळरावांनी आनंदी केलं. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली ती त्याच नावानं." आता यमुनेला कुणी विचारलं होतं का, ते सोडा. शुक्रावरच्या एका विवराला तिचं नाव दिलंय, तर तिथे नुसतं आडनावच. म्हणजे यमुनाही नाही नि आनंदीही नाही.

जन्माची नोंद झालीय, पण दाखल्यावर नावाचा रकाना अजून कोराच आहे. पहिल्या १२ महिन्यांत नाव घातलं तर पैसे पडत नाहीत; पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तोवर घरात सगळे त्याला गुंड्याच म्हणताहेत, आणि तो हसतोही.

डब्याची घाई नाही. 'अ'वरून एखादं सुचलं तर तेवढं सांगा हं, पण कोशात बघून.