पुष्पखात्याचा कारभारी

फुलांतले आपल्याला काही कळते, असा जो माझा समज आहे त्याचे मूळ एका प्रशस्तिपत्रात आहे. आणि ते प्रशस्तिपत्र आमच्या दिवाणखान्यात अशा बेताने टांगलेले आहे, की घरातल्या एकमेव बऱ्या खुर्चीत बसणाऱ्या पाहुण्याला ते वाचण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुष्परचनेच्या त्या स्पर्धेत मला मिळालेले पारितोषिक 'उत्तेजनार्थ' होते, हा तपशील चौकटीच्या खालच्या पट्टीआड गेला आहे. त्याला मी नव्हे, सुतार जबाबदार आहे.

अशी योग्यता अंगी असल्यामुळे, पुतणीचे लग्न ठरले आणि बंधू हयात नसल्याने कामांची वाटणी माझ्या अध्यक्षतेखाली झाली, तेव्हा जेवणावळ, भटजी, रुखवत, देणेघेणे ही सारी गौण खाती मी मोठ्या मनाने इतरांच्या हवाली केली आणि सजावटीचे मुखत्यारपत्र तेवढे स्वतःकडे ठेवले.

पुतणीपाशी मोबाइलमध्ये चित्रांचा एक दफ्तरखानाच होता. फिकट गुलाबी, फिकट जांभळे, फिकट पिवळे. या फिकेपणाला ती 'पेस्टल' म्हणत होती आणि मला ते सगळे मांडव नुकतेच विषमज्वरातून उठल्यासारखे दिसत होते. कमानीवर जिप्सोफिलाचा फेस, खाली थायलंडची ऑर्किडे, आणि हे सारे खोचायला १९५४ साली अमेरिकेत निघालेला तो हिरवा स्पंज, ज्याच्या पोटात पाणी आणि डोक्यात काड्या असल्या की हल्लीचे कोणतेही मंगलकार्य निर्विघ्नपणे पार पडते. मी चष्मा पुसला आणि दाराला झेंडू, आंब्याचे डहाळे, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, वेणीत निशिगंध अशी शुद्ध महाराष्ट्रीय, सनातन, परकीय संसर्गापासून अलिप्त योजना समस्तांसमोर मांडली.

"काका," पुतणी म्हणाली, "झेंडू मेक्सिकोचा आहे. निशिगंधसुद्धा."

त्या रात्री मी झोपलो नाही. पराभूत माणसाला विद्वत्तेखेरीज आसरा नसतो. तेव्हा तीन दिवस मी झेंडूचा जो अभ्यास केला त्याचा थोडा प्रसाद वाचकांनी घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. दसऱ्याला मोटारीपासून पोळपाटापर्यंत ज्याची माळ चढते, तो हा गृहस्थ मूळचा मेक्सिकोकडचा. पोर्तुगिजांच्या अमदानीत समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आणि असा काही रुळला, की मूळ गावची चौकशी करण्याचे कुणाच्या मनातही आले नाही. म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या घरी लग्ने लागली तेव्हा त्यांच्या तोरणात झेंडूचे एक फूल नव्हते, आणि पंगतीत बटाटा नि मिरचीही नव्हती. तरी ती लग्ने टिकली. इंग्रजांनी या मेक्सिकन फुलाला आफ्रिकन ठरवून ठेवले. आपण त्याला घरचा म्हणतो, तेव्हा चूक एकट्या आपल्याच पदरी येत नाही. आता आणखी मौज अशी, की झेंडूचे फूल हे फूलच नव्हे. आपण ज्याला एक फूल समजतो ती एका बैठकीवर दाटीवाटीने बसलेल्या असंख्य चिमुकल्या फुलांची सभा असते. प्रत्येकाची पाकळी वेगळी, प्रत्येकाला बाहेर दिसण्याची घाई, आणि खाली देठ एकच. एवढ्या एका लक्षणावरून त्याला महाराष्ट्राचे नागरिकत्व द्यायला हरकत नसावी. अत्र्यांनी १९२५ साली आपल्या विडंबनांच्या संग्रहाला 'झेंडूची फुले' हे नाव दिले, त्यात या फुलाचा अधिक्षेप झाला की गौरव, यावरही माझ्यापाशी एक स्वतंत्र टिपण तयार आहे. परंतु सौभाग्यवतींनी ते वाचून झाल्यावर 'आता जेवायचं का?' एवढाच अभिप्राय दिल्यामुळे तूर्त ते राखून ठेवतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे चारला मी दादरला गेलो. कवी केशवसुतांचे नाव मिरवणाऱ्या पुलाच्या आसपास त्या वेळी जी फुले उतरत असतात ती पाहिली, की एखाद्या कवीला आपल्या नावाचा याहून चांगला उपयोग मागता येणार नाही, असे वाटते. पायाखाली चिखल नि चुरगळलेल्या पाकळ्या, डोक्यावर करंड्या, आणि 'बाजूला, बाजूला' असा पुकारा. मी एक झेंडू उचलून दिव्याकडे धरला, देठ दाबला आणि जाणकारासारखा हुंकार दिला. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले, कोपऱ्यातले एक पोते पुढे ओढले आणि सांगितलेल्या भावाने ते मला दिले. घरी उघडल्यावर वरचा थर टपोरा आणि खालचा माझ्या प्रशस्तिपत्राच्या खालच्या ओळीसारखा निघाला. अशी चार पोती, एकूण चाळीस किलो.

दिवसभर घरात सतरंजीवर फुलांचा ढीग आणि भोवती बायका. त्यात वहिनींचा हात पाहण्यासारखा. त्या वेंगुर्ल्याकडच्या, लहानपणी पहाटे सुरंगीच्या कळ्या उमलण्याआधी खुडून आणायच्या आणि केळीच्या सालीच्या ओल्या धाग्यात वळेसर ओवायचे, हा त्यांचा नित्यक्रम. आमची सुई एका फुलातून आरपार जाते न जाते तोच त्यांची वीत भरलेली असे. मी मधूनमधून 'अंतर समान ठेवा' असे बजावत होतो.

संध्याकाळी सीमंतपूजनाला सारे कार्यालय पिवळ्याकेशरी माळांनी असे पेटले होते, की पुतणीसुद्धा 'छान दिसतंय हं काका' म्हणाली. इथे मी थांबायला हवे होते. परंतु विहीणबाई नेमक्या माझ्या तोरणाखाली उभ्या राहिल्या, कौतुकाने वर पाहू लागल्या, आणि माझ्यातल्या अभ्यासकाला राहवले नाही. मी त्यांना मेक्सिकोपासून सुरुवात करून दिली. तिथल्या जुन्या भाषेत या फुलाच्या नावाचा अर्थ 'वीस फुले' असा होतो, इथवर त्या हसतमुख होत्या. मग मी सांगितले, की नोव्हेंबरच्या आरंभी तिथले लोक आपल्या मृतांना घरी बोलावतात, त्यांच्या थडग्यांवर या पाकळ्या पसरतात, आणि या रंगाच्या नि वासाच्या मागाने गेलेली माणसे आपले घर ओळखतात, अशी त्यांची श्रद्धा आहे.

"म्हणजे हे मेलेल्यांचं फूल?" विहीणबाई म्हणाल्या.

अर्ध्या तासात फर्मान सुटले. तोरणे उतरली, कमानी उघड्या पडल्या. आणि डेकोरेटरने, जणू याच क्षणाची वाट पाहत असल्यासारखी, आपल्या टेंपोतून कापडी फुले काढली. ती सगळी पेस्टल होती. चाळीस किलो झेंडू पुन्हा पोत्यांत भरून वधूपक्षाच्या खोलीत रचला गेला आणि दुसऱ्या दिवशी मी कन्यादानाचे सोवळे त्याच पोत्यावर बसून नेसलो.

कन्यादान आम्ही उभयतांनी केले. वहिनी मागे उभ्या होत्या. मुलगी त्यांची, तिला वाढवले त्यांनी, आणि तिला देण्याचा अधिकार मात्र माझ्याकडे आला, कारण माझी बायको माझ्याजवळ बसलेली होती. दाराशी एक लहान मुलगी तबकातून मोगऱ्याचे गजरे वाटत होती. प्रत्येक बाईपुढे तबक जाई, हात पुढे येई. वहिनींपुढे ते आले तेव्हा त्यांनी हात किंचित मागे घेतला, इतक्या सवयीने की पोरीला त्यात काही वावगे वाटले नाही, आणि तबक पुढच्या बाईकडे सरकले. आदल्या रात्री विहीणबाईंच्या भाबडेपणावर मी मनातल्या मनात केवढा हसलो होतो. आणि आमच्या घरात हा हात गेली सहा वर्षे मागे येत होता, तो माझ्यासारख्या निरीक्षकाने त्या दिवशी प्रथम पाहिला.

मला राग आला, आणि राग आला की मला भाषण सुचते. गजऱ्याचे तबक स्वतःच्या हातात घ्यायचे, १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी केलेल्या विवाहापासून प्रारंभ करायचा, वाटेत समाजाला दोन शब्द सुनवायचे आणि शेवटी सर्वांदेखत गजरा वहिनींना अर्पण करायचा, असा मसुदा मनाशी पक्का करून मी तबक मागवले आणि त्यांना शोधत खोलीत गेलो.

वहिनी पोत्यापाशी खाली बसल्या होत्या. मी घसा खाकरून 'अठराशे त्र्याण्णव' एवढेच म्हणालो असेन, तोच त्यांनी तबकातला एक गजरा उचलला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडे केले.

"बर्फात ठेवलेला दिसतोय. वास नाही हो भाऊजी याला. आणि गुंफण बघा, किती सैल!"

त्यांनी गाठ सोडली. कळ्या ओच्यात घेतल्या, झेंडूच्या एका माळेतून लांब दोरा ओढून काढला, चार केशरी फुले घरंगळत माझ्या पायाशी आली, आणि त्या कळ्या एकीला एक बिलगवून नव्याने ओवू लागल्या. मी तबक धरून उभा. बाहेर छायाचित्रकार ओरडत होता, "मुलीची आई कुठे आहे? मुलीच्या आईला पाठवा!"

"थांबायला सांगा त्यांना," मान वर न करता वहिनी म्हणाल्या, "अजून सात-आठ कळ्या राहिल्यात."