गाडीला हळद लागली

मे महिन्यातल्या एका पहाटे प्रस्तुत लेखक चिपळूणला सासुरवाडीच्या अंगणात, गाडीखाली, उताणा पडला होता. कराडला मुंजीला निघायचं होतं आणि फरशीवर कूलंटचं हिरवं थारोळं साचलं होतं. लेखकाचं यंत्रज्ञान सायकलीत हवा भरण्यापाशी संपतं. पण सासुरवाडीत हे जावयाने बोलायचं नसतं.

सासरे एसटीचे निवृत्त चालक. कुंभार्ली घाट त्यांना तोंडपाठ. त्यांनी वाकूनही न बघता निदान केलं, "जावईबापू, हळद टाका."

हा उपाय काही त्यांनी शोधलेला नव्हे. जुने ट्रकवाले रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकत. पूड पाण्याबरोबर फिरते, फुगते आणि बारीक चिरेत जाऊन बसते. जिथे बसू नये त्या नळ्यांतही बसते, हे सासरे सांगत नाहीत. शिवाय गळती रेडिएटरला नव्हतीच. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा वरचा रबरी होज क्लिपेलगत तडकला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तडकलेलं टोक कापून होज पुन्हा बसवावा, तर लांबी पुरेना. मेहुण्याने स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, होज कोरडा पुसला आणि पट्टी ताणून ताणून गुंडाळली. आता वरून आवळायला क्लिपा हव्यात. गॅसच्या नळीची क्लिप बोटात जेमतेम जाईल एवढी. मेहुणा विहिरीकडे गेला आणि पंपाच्या पाइपच्या दोन क्लिपा घेऊन आला. अगदी मापाच्या! गाडीचं पाणी थांबलं, घराचंही थांबलं.

"भावोजी, अजून सहा जणांच्या आंघोळी राहिल्यात," तो म्हणाला. सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं.

एवढ्यात शेजारचा मोत्या शेपूट हलवत थारोळ्याकडे आला. लेखक ओरडत धावला. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंसं पोटात गेलं तरी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करतं. मोत्याला मांडीवर दाबून धरलं. मेहुण्याने थारोळ्यावर माती टाकली, ती खरवडून पिशवीत भरली आणि मग फरशी धुतली. पिण्याच्या हंड्यातल्या पाण्याने. तेव्हा मात्र सासूबाई बोलल्या.

इंजिन गार होतं म्हणून टाकीचं झाकण उघडता आलं. गरम असताना ते उघडलं, तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी भरून मंडळी निघाली. घाटात काटा वर सरकू लागला तेव्हा लेखकाने एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला. हीटर इंजिनाचीच उष्णता आत घेतो, त्यामुळे इंजिनाला तेवढाच दिलासा मिळतो. मे महिन्यात, कुंभार्लीत, पैठणीतल्या बायकोशेजारी बसून हे शास्त्र समजावणं अवघड गेलं. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच आहे. कोयनानगरला कोणी त्याच्याकडे मान वळवली नाही.

मुंज लागून गेली होती. जेवण शिल्लक होतं.

कराडच्या मेकॅनिकने पट्टीचं कौतुक केलं, नवा होज टाकला आणि टाकीचं झाकण उघडलं. आत गढूळ तांबूस पाणी. सासरे मागच्या सीटवरून खिडकीबाहेर बघू लागले. कूलंट बहुधा अल्कधर्मी असतं आणि अल्कलीत हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणजे निघण्यापूर्वी मूठ पडली होती.

"ट्यूबने गाडी आणली," मेकॅनिक म्हणाला, "हळदीने माझं काम वाढवलं." रेडिएटर धुण्याचे पैसे त्याने होजपेक्षा जास्त घेतले.